लिंबावर लावलेला गेन

राहुरीत माझं गाड्यांना टेप आणि स्पीकर बसवून द्यायचं दुकान आहे. दुकान म्हणजे पुढं पत्र्याची शेड, मागं दोन खोल्यांचं घर आणि घरात आई. धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट कोणती असं विचाराल तर यातली तिसरी. माझं डोकं लवकर तापतं, हे मी आधीच सांगून टाकतो. आई म्हणते हे बापावर गेलंय. वडील असताना म्हणायचे, आईवर गेलंय. कुणावर का गेलं असेना, त्या डोक्यापायी घरात चार महिने जे रामायण झालं, ते सांगायचंय.

आधी गेन म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाडीच्या डिकीत मोठा डबा बसवतात, त्यातून धप्प धप्प आवाज येतो आणि शेजारच्या घराची भांडी वाजतात. तो वूफर. त्याला ताकद देणारी चपटी पेटी म्हणजे अँप. आणि अँपच्या कडेला एक बारीक स्क्रू असतो, तो गेन. अख्ख्या तालुक्याला वाटतं की हा आवाज वाढवायचा स्क्रू. गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आधी म्हणतं, "गेन फुल करा." अरे बाबा, तो आवाजाचा नसतोच! पुढचा टेप केवढ्या जोरानं बोलतोय, तेवढं अँपला समजावून द्यायचं, एवढंच त्याचं काम. कमी ठेवला तर वूफर झोपा काढतो. जास्त ठेवला तर टेप नुसता खोकला तरी अँप बोंबलत सुटतो. आवाज फाटतो, वूफरच्या पोटातली तारेची गुंडाळी तापते आणि एक दिवस डिकीतून जळका वास येतो. तो वास आला की वूफर गेला. मग त्याच्यापुढं कितीही हात जोडा.

हे मला आता कळतं. तेव्हा मी गेन लिंबावर लावायचो.

हसू नका. आमच्याकडं प्रत्येक गाडीच्या आरशाला लिंबू-मिरची टांगलेली असते. दुकान काढलं त्या पहिल्याच आठवड्यात ऊसवाहतुकीचा एक ठेकेदार आला. मी वूफर बसवला, गाणं लावलं, म्हणलं, "कसा काय आवाज?" तो आवाज ऐकतच नव्हता. त्याची नजर आरशाखालच्या लिंबावर. म्हणला, "लिंबू हलना की वो." मी गेन थोडा वाढवला. लिंबू थरथरलं. अजून वाढवला. लिंबू झोके घ्यायला लागलं, तसा गडी खूश! उतरून माझ्या पाठीवर थाप मारली, आणि गावभर सांगत सुटला की लिंबू हलवावं तर यानंच. झालं. तेव्हापासून माझ्याकडं वॅट कुणी विचारलेच नाहीत. "लिंबू हलंल ना?" एवढंच विचारायचे. मीही तेच बघायचो. टेप पुरता चढवायचा, डिकीत हात घालून पेचकस फिरवायचा आणि मान वळवून लिंबाकडं बघायचं. लिंबू हललं की गेन लागला. माझी मान त्या नादात एका बाजूला कायमची दुखायला लागली, पण गिऱ्हाईक मोजता येईना.

आता दाजींकडं येतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे मालक. राहतात श्रीरामपूरच्या अलीकडच्या एका गावात. अंगानं आडदांड, बोलायला अगदी कमी. तुम्ही दहा वाक्यं बोललात तर ते "हूं" म्हणणार, आणि तेही अकराव्याला. त्यांच्या कारखान्याची सुट्टी शनिवारी. गेल्या वर्षी त्यांनी जुनी गाडी घेतली आणि एका शनिवारी ताईला घेऊन दुकानी आले. म्हणले, "डबा बसव."

मला नवलच वाटलं. या माणसाला मी कधी गाणं गुणगुणताना पाहिलं नव्हतं. पण दाजी आहेत, मान मोठा. मी त्यातल्या त्यात चांगला वूफर बसवला, लिंबू चांगलं हलेपर्यंत गेन लावला. आईनं मासवड्या केल्या. ताई पाय पसरून आईपाशी बसली. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण ताई अशी निवांत बसलेली मी तेव्हाच पाहिली. एरवी तिचं माहेर म्हणजे सणाला यायचं, आणि ताटावरून उठलं की निघायचं. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांचं म्हणणं एकच, "उगाच कशाला जायचं? काम असंल तर जावं."

तीन आठवड्यांत वूफर जळाला. शनिवारी गाडी परत दारात. मी दुसरा बसवला. पुढच्या शनिवारी आवाज फाटतोय म्हणून परत. मग दोन शनिवार वायर बघायला. मग दुसराही जळाला. असं सात-आठ महिने चाललं. कधी वूफर जळलेला असायचा, कधी जळायच्या बेतात असायचा, पण शनिवार चुकायचा नाही. आईला तर सवयच लागली. शुक्रवारी रात्री चण्याचं पीठ चाळून ठेवायची, आणि सकाळपासून एक डोळा चुलीवर, एक रस्त्यावर.

आणि माझी मात्र तळपायाची आग मस्तकात! कारण दाजींचाच नव्हे, इतरांचेही वूफर परत यायला लागले होते. सगळेच नाही, पण बरेच. मी प्रत्येकाला एकच ऐकवायचो, "तुमी लई मोठ्यानं लावता. माझी चूक न्हाई." चूक माझी असेल हे माझ्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. लिंबू हलत होतं ना!

तिसरा वूफर जळाला त्या शनिवारी माझा बांध फुटला. पंगत बसलेली. दाजींच्या ताटात मासवडी, वर रस्सा. आई आग्रह करतेय. आणि मी, जीभ सैल सुटलेलं गाढव, बोललो, "दाजी, ही गाडी हाय का वरातीचा डीजे? गाणं लावायला बी अक्कल लागती. सोन्यासारखे तीन वूफर जाळले तुमी."

ताई माझ्याकडं बघतच राहिली. आईच्या हातातला डाव तसाच. दाजींनी अर्धी मासवडी ताटात ठेवली, तांब्या घेतला, ताटातच हात धुतला आणि उठले. "चला," म्हणले. ताई पदराला हात पुसत त्यांच्या मागं गेली. गाडी गेली.

पुढच्या शनिवारी गाडी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आईनं फोन केला की ताई म्हणायची, "येते गं, बघू." जावई रुसलेला, मग लेकीला कोण पाठवणार? आणि ताई तरी कुठल्या तोंडानं म्हणणार, की मला नेऊन सोडा त्या तोंडाळ भावाकडं? आईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. तिनं फक्त स्वयंपाक बदलला. चार महिने मला दोडका. कधी दोडक्याची भाजी, कधी दोडक्याची आमटी, एकदा दोडक्याच्या शिरांची चटणी. मी म्हणलं, "आई, बाजारात दुसरं काय मिळंना का?" ती म्हणाली, "मिळतंय की. लेकीसाठी आनत हुते."

मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण माफी मागायची कशाची? वूफर त्यांनीच जाळले, यावर मी ठाम होतो. माणूस चुकलेला असला की कसा दगडासारखा ठाम असतो, ते माझ्याकडं बघून शिकावं.

मग एका शुक्रवारी राजूरकडच्या एका मास्तरांची जीप आली. बाजाराला माणसं नेणारी, आत दहा देव आणि एक लिंबू. मी संध्याकाळपर्यंत वूफर बसवला, गेन लावला, लिंबू झकास झोके घेत होतं. मास्तर म्हणले, "मुक्कामाला हितं पाव्हण्याकडं हाय. सकाळी नेतो." जीप रात्रभर शेडमध्ये राहिली.

शनिवारी सकाळी आई नेहमीप्रमाणं बाहेर आली. तिचा एक नेम आहे. दर शनिवारी ती स्वतः लिंबू-मिरची ओवते. दुकानाला एक, आणि शेडमध्ये उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीला एक. माझ्या धंद्याला दृष्ट लागू नये म्हणून. गिऱ्हाइकंही खूश, फुकट मिळतंय. तिनं जीपमधलं सुकलेलं लिंबू काढलं, नवीन टपोरं हिरवंगार टांगलं आणि आत गेली.

मास्तर आले. मी कालचंच गाणं लावलं. टेप कालच्याच आकड्यावर. आणि लिंबू हलेना!

"का हो? काल तर हलत हुतं," मास्तर म्हणले.

मी सवयीनं डिकीत वाकलो, पेचकस गेनवर टेकवला, आता फिरवणार, तेवढ्यात माझ्या डोक्यात काहीतरी टक्कन वाजलं. रात्रीत वूफर बदलला का? नाही. अँप बदलला का? नाही. गाणं तेच. मग बदललं काय? मी जाऊन लिंबू हातात घेतलं. चांगलं जड होतं. कचऱ्याच्या डब्यातून कालचं लिंबू शोधून काढलं, ते दुसऱ्या हातात घेतलं. नुसतं साल आणि बी, सुपारीएवढं हलकं.

मी तिथंच खाली बसलो.

आठवडाभर सुकलेलं लिंबू जरा कशानंही हलतं. ताजं लिंबू हलायला दुप्पट धक्का लागतो. म्हणजे शुक्रवारी लावलेला गेन कमी, आणि शनिवारी लावलेला भलताच जास्त! मागं पडलेल्या जळक्या वूफरचा ढीग उपसला. बसवल्याचा वार मी प्रत्येकाच्या पाठीवर मार्करनं लिहीत असतो. शनिवार. शनिवार. शनिवार. एक रविवार. परत शनिवार. गावातले लोक म्हणायचे की शनिवारी लोखंडाचं काम करू नये, शनीची नजर लागते. शनी बिचारा कुठंच नव्हता. माझी आई होती, तिचं लिंबू होतं आणि त्या लिंबाकडं मान वाकडी करून बघणारा मी होतो.

आईला सांगितलं तर ती भडकलीच. "आता माझ्या लिंबावर आला व्हय? तुज्या धंद्याला नजर लागू नये म्हनून मी उपाशीपोटी ववते, आन् तू..." मग तिची ट्यूब पेटली. "म्हंजी पाव्हन्यांचा काय दोष न्हवता?"

"न्हवता."

"आन् तू त्यास्नी भरल्या ताटावर..."

"व्हय आई. व्हय."

त्या दिवशी तर दोडकाही मिळाला नाही.

पुढचा आठवडा मी अभ्यास केला. प्रत्येक अँपच्या खोक्यात एक माहितीचा कागद येतो. इतकी वर्षं मी तो चहाच्या ग्लासाखाली ठेवत होतो. चहाचे गोल डाग चुकवत चुकवत तो वाचला. गेन कानानं लावायचा नाही, डोळ्यानं तर नाहीच. वूफरची वायर आधी काढून ठेवायची. टेपमधला सगळा जादाचा बास शून्य करायचा, आवाज पाऊण ठेवायचा. मग एकच सपाट सूर लावायचा, नुसतं हूंऽऽ करणारा, आणि अँपच्या तोंडाला मल्टिमीटर लावून व्होल्ट मोजायचे. किती व्होल्ट हवेत? अँपचे वॅट गुणिले वूफरचे ओहम, आणि त्याचं वर्गमूळ. वर्गमूळ! दहावीनंतर आमची गाठ पडली नव्हती. दाजींचा अँप दोनशे वॅटचा, वूफर चार ओहमचा. आठशेचं वर्गमूळ, अठ्ठावीस व्होल्टच्या जरा वर. मी तो आकडा हातावर पेनानं लिहून ठेवला.

शनिवारी सकाळी नवा वूफर मोटारसायकलला बांधला. आईनं डबा दिला. "मासवड्या हायेत. अर्धी वडी ताटात राहिली हुती त्यांची. आदी ती खायला घाल, मग त्वांड उघड. आन् उघडल्यावर लगीच मिट."

दाजी अंगणात गाडी पुसत होते. मला बघून "हूं" देखील म्हणले नाहीत. ताई दारात आली, तिचा चेहरा एकदम फुलला आणि दाजींकडं बघून परत मिटला. मी डबा पुढं केला. त्यांनी ओट्यावर ठेवायची खूण केली. मी म्हणलं, "दाजी, पंधरा मिनिटं द्या." ते पुसतच राहिले.

मी वूफर बसवला, पण वायर जोडली नाही. गाडीच्या दारातले स्पीकर बंद केले. तो सूर लावला आणि मीटरच्या दोन सुया अँपला टेकवल्या. सगळं कसं शांत. गाडी चालू, टेप चालू, आणि आवाज काही नाही. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मी एका हातानं पेचकस केसाएवढा फिरवतोय, आकडा बघतोय. बारा. एकोणीस. पंचवीस.

दाजींचा धीर सुटला. चार महिन्यांत पहिल्यांदा बोलले. "आवाज कुठंय?"

"लावलाच न्हाई."

"मग काय लावतोय तू?"

"गेन."

"मुक्यानं?" ते माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी त्यांची थट्टा करायला तीस किलोमीटर आलोय. मग त्यांनी आरशाकडं बघितलं. "लिंबू तर जागचं हलंना."

आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. मी मीटर खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. लिंबू, ताजं आणि सुकलं, शनिवार, वूफरचा ढीग. "चूक माझी हुती, दाजी. तुमची काडीची न्हवती. मी भरल्या ताटावर बोललो, मला माफ करा." बोलताना माझा आवाज फाटला, आणि त्याला गेन कारण नव्हता.

दाजींनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणले, "मी कुठं वाजवत हुतो? म्हातारी वाजवती."

"कोन?"

ताई तोंडाला पदर लावून हसायला लागली. सांगितलं तिनंच. तिच्या सासूबाईंना भजनाचा मृदंग लागतो, आणि मोबाईलवर म्हणे तो डबड्यासारखा वाजतो. म्हणून त्या रोज संध्याकाळी अंगणातल्या गाडीत जाऊन बसायच्या, दार लावून घ्यायच्या, आणि तासभर मृदंग ऐकायच्या. वूफर त्यांच्यासाठी होता! बिघडला की त्याच म्हणायच्या, "जा, लगेच दाखवून आना." आणि दाजी ताईला म्हणायचे, "चल, काम निघालंय." मी भरल्या ताटावर अक्कल काढली, तेव्हा या माणसानं आईचं नाव पुढं केलं नाही. हात धुतला आणि उठला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी अठ्ठावीसवर आकडा आणून पेचकस काढला, वूफर जोडला आणि मृदंग लावला. काय सांगू! थाप अशी गोल, स्वच्छ, पोटात उतरणारी. फाटणं नाही, बोंबलणं नाही. लिंबू निवांत लटकत होतं.

"हे किती दिवस टिकंल?" दाजींनी विचारलं.

माझी छाती फुगली. "आता दहा वर्षं हात लावायला नको."

मला वाटलं, खूश होतील. दाजींचा चेहरा पडला. ताईचं हसू थांबलं. "दहा वर्षं," ती हळूच म्हणाली, आणि उगाचच गाडीचं पुसलेलं दार पुसायला लागली. तेव्हा कुठं या मठ्ठाच्या टाळक्यात प्रकाश पडला. काम असेल तर जावं, हा त्या घरचा नियम. आणि काम तर मी आत्ताच संपवून टाकलं होतं.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. गाडीत बसल्या, डोळे मिटून मृदंग ऐकला. बाहेर येऊन म्हणल्या, "झ्याक झालं बघ पाव्हनं. गेला का बिघाड?"

ताई खाली बघत होती. दाजी माझ्याकडं. मी घसा साफ केला.

"बिघाड गेला मावशी. पन याला दर शनिवारी बघावं लागंल. दुकानात आनून."

"दर शनिवारी?"

"व्हय. लिंबावर असतंय हे सगळं. ताजं लिंबू टांगलं की गेन परत लावावा लागतो. आन् लिंबू आमच्या आईच्याच हातचं लागतं."

एवढं खोटं मी जन्मात बोललो नव्हतो. सासूबाईंनी लिंबाकडं बघितलं, मग ओट्यावरच्या डब्याकडं, मग सुनेकडं. डबा उघडून एक मासवडी तोडली, सावकाश खाल्ली.

"आज शनिवारच हाय की," त्या म्हणल्या. "जा घेऊन. आन् रातीला उलट्या पावली नका येऊ, यवढं नाजूक काम हाय तर उद्याचा दिवस बी राहू द्या तितंच." मग दाजींना म्हणल्या, "गाडी एकटी ठिवू नगं रं. सूनबाईला सोबतीला ठिव."

ताई पिशवी भरायला आत पळाली. दाजींनी डब्यातली मासवडी उचलली, तोंडात टाकली, आणि म्हणले, "हूं."